अर्धा स

"मंदा, पावण्यांका इचार, भात होयो काय?"

पावणे म्हणजे मी. विचारणारे भाऊ वालावलकर, माझे सासरे. आम्ही दोघं शेजारी शेजारी जेवायला बसलो होतो, मध्ये फक्त मिठाचं भांडं. आणि मंदा, म्हणजे त्यांची मुलगी आणि माझी बायको, आत स्वयंपाकघरात होती.

"अहो, भात हवाय का?" तिने आतून ओरडून विचारलं.

"पुरे," मी म्हणालो. चांगलं भाऊंकडे तोंड करून म्हणालो.

भाऊंनी मान आतल्या दाराकडे वळवली. "काय म्हणतत ते?"

"पुरे म्हणतायत."

"बरा," भाऊ म्हणाले आणि आमटी ओरपू लागले.

कुडाळच्या त्या घरात माझ्याशी बोलणं हे असं चालायचं. आमचा मुलगा कॉलेजात गेला, तरी भाऊंनी मला उद्देशून एक वाक्य उच्चारलेलं नव्हतं. भांडण म्हणाल तर कधी झालं नाही. मी सांगलीचा, लिंगायत, आडनाव चिकोडे, आणि मासे खात नाही. या चारांतल्या पहिल्या तीन गोष्टी त्यांनी माफ केल्या असत्या. "मासो न खाणाऱ्या घरात चेडू दिऊचा म्हणजे तेका जन्मभर आजाऱ्याचा जेवण घालूचा," असं ते लग्नाआधी म्हणाले होते, तेही मंदाला. आम्ही रजिस्टर लग्न करून पाया पडायला गेलो, तेव्हा त्यांनी उल्हासला, माझ्या मेहुण्याला सांगितलं, "ह्यांका पाय धुवूक पाणी दी," आणि स्वतः छत्री घेऊन आगारात निघून गेले. ते एस. टी.चे आगारप्रमुख होते खरे, पण त्या दिवशी रविवार होता.

बरं, माणूस अबोल असता तर मी समजून घेतलं असतं. छे! ड्रायव्हर, कंडक्टर, नारळ पाडणारा, पोस्टमन, सगळ्यांशी त्यांच्या गजाली चालायच्या. घरातल्या मांजराशीसुद्धा ते अर्धा अर्धा तास बोलायचे. मला त्या मांजराचा हेवा वाटायचा. हसू नका, खरंच वाटायचा. माझे वडील मी चड्डीत असतानाच गेले, त्यामुळे घरात एक मोठा माणूस असावा आणि त्याने आपल्याशी बोलावं, याची मला भूक होती. भाऊंनी एकदा माझ्याकडे बघून, मला, काहीतरी बोलावं. काहीही. एवढंच मला हवं होतं, आणि तेवढंच ते द्यायला तयार नव्हते.

जेवण झाल्यावर हात धुताना उल्हास माझ्या कानाशी आला. "भावोजी, माघात भाऊंचा सहस्रचंद्रदर्शन करूचा असा. मानपत्र तुमी लिवा. आमच्यात तुमचाच मराठी बरा."

"भाऊंना चालेल?"

"इचारलंय मी. 'लिवंदेत' म्हणाले."

लिवंदेत! मी हात पुसायचेही विसरलो. सांगलीपर्यंतच्या प्रवासात मंदाला मी तो शब्द इतक्या वेळा म्हणून दाखवला की आंबोलीचा घाट लागण्याआधीच ती झोपेचं सोंग घेऊन पडली.

सांगलीत मी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात होतो. तिथे कॉम्प्युटर आला तेव्हा तो चालू करायला पहिल्यांदा मी धजलो, तेवढ्या भांडवलावर मी पुढे सगळ्या कारखान्याचा संगणकतज्ज्ञ झालो. घरी माझा स्वतःचा जुना कॉम्प्युटर होता. त्यावर मराठी टाइप करायचा एक विकतचा प्रोग्राम होता. त्यात मी मानपत्र लिहायला घेतलं. एक पानाचा मजकूर, पण मी तो कितीतरी महिने लिहीत होतो. एक विशेषण काढ, दुसरं घाल. तयार झालेलं वाक्य मंदाला ऐकवायचं. ती भाजी निवडता निवडता "छान" म्हणायची. तिचं "छान" जरा लवकर आलं की मला ते वाक्य पुन्हा लिहावं लागायचं.

मजकूर पूर्ण झाला, मी तो पेनड्राइव्हवर घेतला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत माझा कॉम्प्युटर गेला. आधी नुसता खोकल्यासारखा आवाज काढायचा, मग एका सकाळी त्याने डोळेच उघडले नाहीत. मी ओळखीतून दुसरा एक वापरलेला कॉम्प्युटर आणला. तो चांगला होता, पण आत काही नव्हतं. अगदी रिकामा.

कारखान्याच्या इलेक्ट्रिक विभागात कुपवाडे म्हणून माझे दोस्त होते. त्यांनी एक डिस्क आणून दिली. "चिकोडेसाहेब, ही घाला. ह्यात सगळं फुकट."

"फुकट म्हणजे चोरीचं?"

"चोरीचं नव्हं ओ. जगभरची माणसं बसून बनवत्यात आणि वाटत्यात."

"कशापायी?"

"हौस!" कुपवाडे म्हणाले. "तुम्ही न्हाई का कुणी न विचारता सल्ला देत, तसं."

ती डिस्क मी घातली आणि मी बिघडलो. पत्र लिहायचा प्रोग्राम फुकट, हिशोबाचा फुकट, चित्रं काढायचा फुकट. आकाशातले तारे दाखवणारा एक प्रोग्राम मिळाला, तो लावून मी मंदाला भर दुपारी सप्तर्षी दाखवले. गाणी कापायचा मिळाला, तर कापायला गाणी शोधू लागलो. माझ्या घरी पियानो नव्हता, मला वाजवताही येत नव्हतं, तरी पियानो शिकवणारा प्रोग्राम मी उतरवून ठेवला. हे सगळं मी लोकांना सांगत सुटलो. न्हावी, दूधवाला, कारखान्याचे वॉचमन, कुणाला सोडलं नाही. एका बारशाला पाळण्यापाशी उभा राहून मी मुलाच्या काकांना मुक्त प्रणालीचे फायदे सांगत होतो, तेव्हा मंदा मला दंडाला धरून जेवायला घेऊन गेली.

"विकत घेणारे येडे आहेत," मी पानावर बसता बसता म्हणालो.

"आणि तुम्ही कोण?" मंदा म्हणाली.

माघ जवळ आला. एका संध्याकाळी मी पेनड्राइव्ह लावला आणि मानपत्राची फाइल उघडली.

मराठी कुठेच नव्हतं. डोक्यावर टोप्या घातलेली परदेशी अक्षरं, मध्येच डॉलर, मध्येच उलटं प्रश्नचिन्ह, आणि एका ओळीत नुसते स्वल्पविराम. भाऊंच्या आयुष्याचं सार त्या स्वल्पविरामांत कुठेतरी होतं.

कुपवाड्यांना फोन केला. ते म्हणाले, "जुना फाँट हाय साहेब. त्यो तुमच्या विकतच्या प्रोग्रामबरोबर गेला. आता ते नव्या अक्षरांत बदलून घ्यावं लागंल."

मंदा मागे उभी राहून ऐकत होती. "एकच तर पान आहे," ती म्हणाली. "तुम्हाला पाठ आहे, मलाही पाठ आहे. तुम्ही सांगा, मी लिहून घेते. कुकरच्या तीन शिट्ट्या होईतो होईल."

कुठल्याही शहाण्या माणसाने बायकोचं ऐकलं असतं. पण आता प्रश्न मानपत्राचा राहिलाच नव्हता, तत्त्वाचा झाला होता. जगात हे करून देणारा फुकट प्रोग्राम असणारच, आणि तो मी शोधणारच. मी रोज कारखान्यातून आलो की शोधायला बसायचो. एका प्रोग्रामने सगळ्या वेलांट्या ओळीच्या शेवटी नेऊन गोळा केल्या. दुसऱ्याने मजकूर बदलला, पण बंगालीत. तिसऱ्याने माझा कॉम्प्युटरच बंद पाडला आणि मला पुन्हा कुपवाड्यांची डिस्क घालावी लागली.

शेवटी इंटरनेटवर एक पान सापडलं. वर एक चौकोन, खाली एक चौकोन. वरच्यात जुनी अक्षरं टाकायची, बटण दाबायचं. दाबलं. आणि खालच्या चौकोनात माझं मराठी उभं राहिलं! पहिला परिच्छेद मी मोठ्याने वाचला. काना, मात्रा, रफार, सगळं जागच्या जागी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मंदाला हाक मारली.

"बघ! बटण दाबायचा अवकाश!"

"सगळं वाचून घ्या एकदा," ती म्हणाली.

"पहिला परिच्छेद बरोबर आहे. यंत्र आहे ते. एक बरोबर तर सगळं बरोबर. यंत्र दमत नाही, त्याचं लक्ष उडत नाही."

"पण ते यंत्र कुणीतरी फुकटच केलंय ना?"

या प्रश्नाला उत्तर देणं मला कमीपणाचं वाटलं. मी चित्राच्या प्रोग्रामात वेलबुट्टी काढली, वर मोठ्या अक्षरांत नवं शीर्षक टाकलं, जाड कागदावर छापून आणलं आणि सोनेरी चौकटीत काच लावून घेतलं. काचेमागे तो मजकूर इतका सुंदर दिसत होता की वाचावासा वाटला नाही, नुसता बघावासा वाटला. मी तेच केलं.

कुडाळला घराच्या खळ्यात मांडव घातला होता. शेणाने सारवलेलं, रांगोळी, पोफळीच्या झावळ्या. गाव लोटलं होतं. भाऊंच्या हाताखालचे जुने ड्रायव्हर-कंडक्टर पांढरेशुभ्र कपडे घालून पुढच्या रांगेत बसले होते. विधी झाले. मंदाने आणि तिच्या वहिनीने भाऊंना दिव्यांनी ओवाळलं. भाऊ खुर्चीत ताठ बसले होते, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. मग उल्हास म्हणाला, "आता आमचे भावोजी मानपत्र वाचतले," आणि मी चौकट घेऊन उभा राहिलो.

भाऊंनी माझ्याकडे बघितलं नाही. समोरच्या माडाकडे बघत होते.

पहिला परिच्छेद झकास गेला. माझा आवाज तसा बरा आहे, कारखान्यात झेंडावंदनाला घोषणा मीच देतो. दुसरा परिच्छेद सुरू केला. "आपला प्रेमळ वभाव..." लोकांना वाटलं सांगलीकडे असंच म्हणत असतील. मलाही वाटलं जीभ अडखळली. "आपल्या शितीमुळे आगारातील प्रत्येक गाडी वेळेवर सुटत असे." कोकणात शित म्हणजे भाताचं. पुढच्या रांगेतले गावडे ड्रायव्हर शेजारच्याकडे बघू लागले. माझ्या कपाळावर घाम आला, पण माझी गाडी उताराला लागली होती आणि पुढचं वाक्य माझं सगळ्यात आवडतं होतं. ते मी खास आवाज चढवून म्हणणार होतो. म्हटलं.

"आपल्या नुसत्या मरणाने आम्हां सर्वांच्या घरी दिवाळी साजरी होते!"

मागे कुणाच्या तरी हातातली वाटी पडली, ती गडगडत गेलेली ऐकू आली.

स्मरणाने! मी स्मरणाने लिहिलं होतं! मी कागदाकडे बघितलं. मरणाने. वरती बघितलं. वभाव. शितीमुळे. माझ्या त्या फुकटच्या यंत्राने अख्ख्या मानपत्रातला प्रत्येक अर्धा स गिळला होता. पहिल्या परिच्छेदात अर्धा स नव्हताच, म्हणून तो तेवढा वाचला. भटजींनी दोन्ही हात कानांवर ठेवले. उल्हास चौकट ओढून घ्यायला पुढे आला. मंदा तबक हातात घेऊन तशीच उभी, तिच्या तोंडावरचा रंग उडालेला. मला वाटलं, संपलं. आजवर नुसतं बोलत नव्हते, आता उंबराही बंद.

तेवढ्यात भाऊंचे खांदे हलायला लागले. मान खाली, शाल घसरलेली, नारळ मांडीवरून पडला. "पाणी आणा!" वहिनी ओरडल्या. उल्हास वडिलांकडे धावला. भाऊंनी त्याला हाताने बाजूला सारलं आणि मान वर केली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ते हसत होते.

"अरे मेल्या!" ते म्हणाले. त्यांना दम लागला होता. "मी अजून मराक नाय, आणि तू आधीच दिवाळी करतंस?"

मी मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं.

मंदा तबक घेऊन दोन पावलं पुढे आली. "भाऊ, तुमी कोणाशी बोललास?"

"ह्याच्याशी. तुझ्या घोवाशी. दुसरो कोण असा हय एवढो शाणो?" मग ते माझ्याकडे वळले, अगदी सरळ माझ्या तोंडाकडे. "उभो काय ऱ्हवलंस? फुडे वाच."

"भाऊ, ते चुकलंय. त्यात अर्धा स गेलाय सगळीकडचा. मी सुधारून वाचतो."

"सुधारू नको. जसा असा तसा वाच. इतक्या वर्षांत असा कोणी माझ्याबद्दल बोलाक नाय."

आता मांडवात हशा पिकायला लागला होता. मी पुढचं वाक्य घेतलं. ते मी निव्वळ त्यांना खूश करायला लिहिलं होतं, कारण त्यातली चव मी जन्मात घेतलेली नव्हती.

"आपल्या घरच्या मासळीचा वाद आमच्या सांगलीच्या घरात अजूनही रेंगाळतो."

भाऊंनी मांडीवर थाप मारली. "ह्या मात्र खरा!" गावडे ड्रायव्हर पोट धरून खुर्चीतून खाली सरकले. मंदा हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती, दोन्ही एकदम. मला तर कशाची लाजच उरली नाही. मेल्या! मला मेल्या म्हणाले! कारखान्याने मला चेअरमन केलं असतं तरी मी एवढा फुगलो नसतो. मी छाती काढून शेवटचं वाक्य वाचलं.

"या घराने पहिल्या दिवसापासून माझे मनःपूर्वक वागत केले."

लोक हसले. भाऊ हसले नाहीत.

"थांब," ते म्हणाले. "हय काय होता?"

"स्वागत," मी म्हणालो.

"कोणी केल्यान?"

मानपत्रात सगळेच तसं लिहितात म्हणून मीही लिहिलं होतं. ज्यांना आमच्या घरची गोष्ट माहीत होती, ते खाली बघू लागले, आणि कुडाळात ती माहीत नसलेलं कुणी नव्हतं.

"मी खय केलंय?" भाऊ हळूच म्हणाले. ते मला म्हणाले की स्वतःला, कळलं नाही. मग त्यांनी हात पुढे केला. "ती फ्रेम हय हाड."

मी चौकट दिली. त्यांनी उल्हासला मागचे खिळे काढायला लावले. उल्हासने सुरीने ते उपसले, काच बाजूला झाली, कागद बाहेर आला. भाऊंनी तो मांडीवर घेतला, चष्मा लावला आणि माझ्या खिशाकडे बोट दाखवलं. मी पेन काढून दिलं. बाजूला एक रिकामी खुर्ची होती.

"बस," ते म्हणाले.

मी बसलो. शेवटच्या ओळीत 'वागत'च्या आधी जागा थोडी होती, तिथे त्यांनी अर्धा स काढला. तो वेडावाकडा आला, शेजारच्या शब्दावर चढला. मग त्यांनी पेन बंद केलं आणि कागद माझ्या हातात दिला. मला समोरचं काही नीट दिसत नव्हतं.

"आणि बाकीच्या चुका?" मी विचारलं. "त्याही करून टाकू का?"

"ऱ्हवांदेत," भाऊ म्हणाले. "त्यो तुझ्यो. ही माझी होती."